किंमत ठेवली आणि ७ = ७ आलं! (दोन चलांची समीकरणं)

ओवी

नमस्कार मंडळी. लेक नववीत आहे, सेमीला. काल रात्री तिचं एक गणित अडलं, आणि तिने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. म्हणून हा धागा.

गणित असं:

२क्ष + य = ७ … (१)
३क्ष − २य = ० … (२)

एका चलाची किंमत दुसऱ्याच्या रूपात काढायची आणि ठेवायची, ही पद्धत वापरायची होती. तिने (१) वरून य = ७ − २क्ष काढलं. इथवर बरोबर. मग ती किंमत परत (१) मध्येच ठेवली: २क्ष + ७ − २क्ष = ७. दोन्ही क्ष उडाले, हातात राहिलं ७ = ७. "आई, याला उत्तरच नाहीये" म्हणत वही मिटायला निघाली.

मी म्हटलं, अगं (२) मध्ये ठेव. तर विचारते, "का पण? (१) पण खरंच आहे ना? मग त्यात का नाही चालत?" मी म्हटलं तशी रीतच आहे. म्हटलं खरं, पण मनाला लागून राहिलं. रीत आहे म्हणून कर, हे गणितात तरी सांगायला नको होतं.

पुढे आणखी गंमत झाली. तिने (२) मध्ये ठेवून पाहिलं. वहीत लिहिलं ३क्ष − १४ − ४क्ष = ०. म्हणजे क्ष = −१४. मग य = ७ + २८ = ३५. स्वतःहून ताळा केला: २ × (−१४) + ३५ = ७. जमला! खुशीत मागची उत्तरं उघडली, तर तिथे क्ष = २, य = ३. आता मात्र तिचे डोळे भरून आले. "ताळा जमतो तरी चूक कसं?"

चिन्ह कुठे चुकलं ते मला नंतर सापडलं. कंस दिला नव्हता. पण चुकीच्या उत्तराचा ताळा कसा जमला, हे मला आत्ता या घडीलाही नीट सांगता येत नाहीये.

क्लासमध्ये तिला सांगितलंय की ही पद्धत सोडून दे, सगळी गणितं लोप पद्धतीने (समीकरणं गुणून, मिळवून किंवा वजा करून एक चल घालवायचं) कर, मार्क तेवढेच. तर दोन प्रश्न. एक, वर जे घडलं ते तिला कसं समजावू? दोन, खरंच सोडून द्यावी का ही पद्धत?

बिगरी

७ = ७ यात चूक काय आहे? शंभर टक्के खरं विधान आहे. लेकीला माझ्यातर्फे एक चॉकलेट द्या. जाणकारांची वाट बघतो.

अभ्यासिका

ताई, क्लासवाले बरोबर सांगतायत. मी स्पर्धा परीक्षांची तयारी करतोय, तिसरं वर्ष. दोन समीकरणं दिसली की गुणा, वजा करा, मोकळे व्हा. किंमत ठेवत बसलं की अपूर्णांक येतात, कंस येतात, आणि जितकं जास्त लिहाल तितक्या चुका जास्त. तुमच्याच उदाहरणात बघा: (१) ला २ ने गुणलं की ४क्ष + २य = १४, त्यात (२) मिळवलं की ७क्ष = १४. दोन ओळीत क्ष = २. पर्याय दिलेले असतील तर तेवढंही नको, पर्याय ठेवून बघायचे.

खडू_फळा

अभ्यासिका, पर्याय "ठेवून" बघायचे म्हणालात ना, तीही किंमत ठेवण्याचीच पद्धत झाली की :)

ओवीताई, मी आठवी ते दहावीला गणित शिकवते. दरवर्षी वर्गात दोन-चार मुलं ७ = ७ वर येऊन थांबतात. मी त्यांना असं सांगते. प्रत्येक समीकरण म्हणजे एक बातमी. आपल्याकडे दोन बातम्या आहेत. य = ७ − २क्ष ही वेगळी, तिसरी बातमी नाही. ती पहिलीच, कपडे बदलून आलेली. तिला पुन्हा तिच्याच घरी पाठवलं तर घरचे म्हणणार, हो, ही आमचीच, ७ = ७. नवीन काय कळणार? तिला दुसरीच्या घरी न्यायचं. दोघी भेटल्या की मगच काहीतरी उलगडतं.

वर्गात माझा शब्द असतो 'खर्च'. (१) वापरून य काढला, की (१) खर्च झालं. खर्च झालेली नोट पुन्हा चालत नाही. लेकीने "ते पण खरंच आहे ना?" असं विचारलं, हा फार चांगला प्रश्न आहे. खरं आहेच, पण ते सगळं वापरून झालंय.

ओवी

खडू_फळा, किती छान सांगितलंत. खर्च झालं! हे आज रात्रीच सांगते. पण ताळ्याचं काय? तो तर जमला होता.

म्हाळसाकांत

ताळ्याची गोष्टही तीच आहे. मी ३४ वर्षं बीजगणित शिकवलं, आता निवृत्त आहे. थोडं सविस्तर लिहितो.

तुमच्या मुलीने क्ष = −१४ काढल्यावर य कुठून काढला? य = ७ − २क्ष यातून. म्हणजे (१) मधूनच. तिथे क्षच्या जागी काहीही घाला, य असा निघेल की (१) जमलंच पाहिजे. क्ष = १०० घेऊन पाहा. य = ७ − २०० = −१९३. ताळा: २०० − १९३ = ७. जमला! क्ष = १०० हे उत्तर आहे का? मुळीच नाही. पहिलं समीकरण तुमच्या ताब्यात आलेला साक्षीदार आहे, ते तुम्ही म्हणाल त्याला हो म्हणणार. ताळा नेहमी दुसऱ्या समीकरणात घ्यायचा. ३ × (−१४) − २ × ३५ = −४२ − ७० = −११२. हवं होतं ०. चूक तिथल्या तिथे उघडी पडली असती.

पुष्कळ मोठी माणसंसुद्धा हा ताळा (१) मध्येच घेतात, कारण ते वर असतं आणि सोपं दिसतं. ती सवय मोडायला हवी.

आता कंस. ३४ वर्षांत या पद्धतीत मी ज्या चुका पाहिल्या त्यातल्या बहुतेक याच एका जागी होत्या. −२य मध्ये य = ७ − २क्ष ठेवायचा, तर मूल −२ने ७ ला गुणतं, पण −२क्षला गुणताना ऋण चिन्ह विसरतं. उपाय मला एका विद्यार्थिनीच्या वहीत सापडला. किंमत ठेवण्याआधी समीकरण पुन्हा लिहायचं, पण यच्या जागी रिकामा कंस काढायचा:

३क्ष − २(          ) = ०

हात थांबवायचा. नीट बघायचं. कंसाच्या डावीकडे काय उभं आहे? −२. नुसते २ नव्हेत. आणि मगच कंसात भरायचं:

३क्ष − २( ७ − २क्ष ) = ०

मग कंस सोडवायचा: ३क्ष − १४ + ४क्ष = ०, ७क्ष = १४, क्ष = २. आणि य = ७ − ४ = ३. ताळा (२) मध्ये: ६ − ६ = ०.

ती मुलगी कंस पेन्सिलीने काढायची आणि आतलं पेनाने भरायची. पुढे मी सगळ्या वर्गाला तसंच करायला लावलं. एक ओळ वाढते, पण चुका एकदम कमी होतात. आपल्या मुलीला पंधरा दिवस करून पाहू दे.

बिगरी

सर, दंडवत. ताब्यातला साक्षीदार! शाळेत असताना हे कुणी सांगितलं असतं तर.

अवांतर: सेमीच्या मुलीच्या वहीत क्ष आणि य कसे काय?

ओवी

तिच्या वहीत इंग्रजी अक्षरंच आहेत. मी मराठी माध्यमातली, माझ्या हाताला अजून क्ष, य येतात. तिला गंमत वाटते. "आई तुझा क्ष म्हणजे क्ष-किरणातला का?"

म्हाळसाकांत

अगदी तोच! रोंटगेन यांना १८९५ मध्ये ते किरण सापडले तेव्हा ते नेमके काय आहेत हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी अज्ञात राशीचं अक्षर दिलं. मराठीत तो क्ष झाला. मुलीला सांगा, तिचा तर्क बरोबर आहे.

नांगरट

मी शेती करतो, परभणीकडे. शाळा दहावीपर्यंत. धागा वाचताना एकदम लक्षात आलं की हे तर आम्ही दर हंगामाला करतो.

समजा एका पिकाला हेक्टरी ११० किलो नत्र (नायट्रोजन) आणि ४६ किलो स्फुरद (फॉस्फेट) द्यायचंय (आकडे सोपे घेतो). घरात दोन खतं आहेत. युरियात ४६ टक्के नत्र. डीएपीत (डायअमोनियम फॉस्फेट) १८ टक्के नत्र आणि ४६ टक्के स्फुरद. आता सुरुवात कुठून करायची? जो युरियापासून सुरू करतो तो फसतो. स्फुरद फक्त डीएपीत आहे, म्हणून आधी डीएपी. ४६ किलो स्फुरदाला १०० किलो डीएपी. त्या १०० किलोसोबत १८ किलो नत्र आपसूक आलं. ते ११० मधून वजा करायचं. राहिलं ९२. ९२ किलो नत्राला २०० किलो युरिया. झालं.

कंस विसरण्यासारखीच चूक इथेही होते. डीएपीतलं १८ किलो नत्र वजा करायचं राहून जातं. मग ११० किलोचा हिशोब लावून माणूस २३९ किलो युरिया टाकतो. जवळजवळ ३९ किलो जास्तीचा. पैसा जातो तो जातो, पीक नुसतं माजतं, पानंच पानं, आणि किडीला आमंत्रण. आमच्या शेजारच्या रानात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. (युरिया एकदम टाकायचा नसतो, हप्त्याहप्त्याने, पण ते वेगळं.)

हे किंमत ठेवणंच झालं ना सर?

म्हाळसाकांत

नांगरट भाऊ, शंभर टक्के. तुमचं दुसरं समीकरण एकाच चलाचं आहे: ०.४६ × डीएपी = ४६. तिथून किंमत आली, ती नत्राच्या समीकरणात ठेवली. आणि "सुरुवात कुठून करायची" हे तुम्ही जे लिहिलंत ना, तोच या पद्धतीचा खरा अभ्यास आहे. पुस्तकात त्याला एक ओळसुद्धा मिळत नाही.

दुधगंगा

नांगरट यांचं वाचून राहवलं नाही. मी डेअरीत होतो, कोल्हापूर भागात. प्रमाणित दुधाला ४.५ टक्के फॅट लागतं. म्हशीचं दूध आलं ६.५ चं, गाईचं ३.५ चं. ९०० किलो भरायचंय. कोणतं किती?

म्हशीचं क्ष, गाईचं य.
क्ष + य = ९००
६.५क्ष + ३.५य = ४०५० (४.५ गुणिले ९००)

य = ९०० − क्ष ठेवलं: ६.५क्ष + ३१५० − ३.५क्ष = ४०५०, म्हणजे ३क्ष = ९००, क्ष = ३००. म्हशीचं ३००, गाईचं ६००.

पण टाकीजवळ उभं राहून हे कुणी लिहीत नाही. आम्ही चौकोन काढतो, पिअरसनचा. डावीकडे वर ६.५, खाली ३.५, मधोमध ४.५. तिरकी वजाबाकी करायची. ४.५ मधून ३.५ गेले, १, तो म्हशीच्या समोर. ६.५ मधून ४.५ गेले, २, ते गाईच्या समोर. एकास दोन. नवीन पोरगं आलं की हमखास तिरकं न घेता सरळ घेतं, मग दोनास एक होतं आणि टाकीत ५.५ फॅटचं दूध तयार. महाग दूध स्वस्तात गेलं!

मला चौकोन यायचा, पण तो तिरका का घ्यायचा हे बरीच वर्षं माहीत नव्हतं. एकदा समीकरण मांडून किंमत ठेवून पाहिली तेव्हा कळलं की चौकोन म्हणजे तेच गणित, फक्त एकदा सोडवून ठेवलेलं. त्यानंतर पोरांना शिकवताना मी आधी समीकरण दाखवायचो, मग चौकोन. ज्यांनी समीकरण पाहिलं होतं ते सहसा चुकायचे नाहीत.

अभ्यासिका

खत आणि दूध, दोन्ही उदाहरणं आवडली. पण मुद्दा तसाच राहतो. तिथे सहगुणक (चलाला गुणणारा आकडा) १ आहे किंवा एक चल नाहीच, म्हणून सोपं गेलं. हे करून दाखवा:

३क्ष + ४य = १०
५क्ष − २य = ८

क्ष = (१० − ४य)/३. आता याला ५ ने गुणा, त्यातून २य वजा करा, मग छेद काढा. लोप पद्धतीत खालच्याला २ ने गुणलं की संपलं. नववीच्या मुलीला दोन पद्धतींचं ओझं कशाला?

ताम्हण

अभ्यासिका, क्षच का काढताय? आणि एकटा यसुद्धा काढायची सक्ती नाही. दुसऱ्यावरून २य = ५क्ष − ८. वरती ४य आहे, म्हणजे दोन वेळा २य. अख्खा २य उचलून ठेवा:

३क्ष + २(५क्ष − ८) = १०
१३क्ष = २६, क्ष = २, य = १.

छेद कुठेच आला नाही. मुलांना वाटतं की ठेवायचं ते एकटं अक्षरच. तसं नाही. जी राशी तशीच्या तशी दुसरीकडे दिसते ती उचलता येते. पुढे अकरावी-बारावीत हीच नजर लागते.

अभ्यासिका

हे मी कधी पाहिलं नव्हतं. खरंच छान. तरी हे बघा: ५क्ष + ७य = ३१ आणि ३क्ष + ४य = १८. इथे काय उचलणार?

ताम्हण

इथे लोप. काहीही शंका नाही. क्ष = २, य = ३.

माझं म्हणणं एवढंच की दोन्ही पद्धती एकमेकींच्या सवती नाहीत. माझं काम इमारतींच्या आणि पुलांच्या आराखड्यांचं गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरवर आहे. तिथे हजारो चलं असतात. संगणक आधी लोप करत करत खाली येतो. शेवटच्या समीकरणात एकच चल उरतं. तिथून मागे फिरतो, मिळालेली किंमत वरच्यात ठेवायची, मग त्याच्या वरच्यात, असं पहिल्यापर्यंत. लोप उतरताना, किंमत ठेवणं चढताना. १००० चलं असतील तर उतरायला साधारण ३३ कोटी गुणाकार, आणि चढायला फक्त ५ लाखांच्या आसपास. नांगरट भाऊंच्या खतात उतरणं आधीच झालेलं होतं, स्फुरद फक्त डीएपीत असल्यामुळे. ते थेट चढायला लागले. म्हणून त्यांचं गणित तोंडी होतं.

आणि एक. क्ष + य = ७, आणि क्षचा वर्ग अधिक यचा वर्ग बरोबर २५. इथे लोप करून दाखवा. य = ७ − क्ष ठेवलं की वर्गसमीकरण मिळतं आणि ३, ४ ही जोडी हाती येते. समीकरण रेषीय राहिलं नाही की लोप पद्धत बहुधा हात टेकते, किंमत ठेवणं पुढेही साथ देतं. म्हणून नववीत सोडून देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

श्टुटगार्टकर

आमच्याकडे जर्मनीत मुलाला शाळेत तीन पद्धती शिकवल्या, तिन्ही बरोबरीने. आइनझेत्सुंग्सफेरफारेन, म्हणजे आत बसवण्याची. अडिशन्सफेरफारेन, मिळवण्याची, तीच आपली लोप. आणि तिसरी ग्लाइशझेत्सुंग्सफेरफारेन. दोन्ही समीकरणांवरून यचीच किंमत काढायची आणि त्या दोन किमती एकमेकींशी बरोबर मांडायच्या. ओवी यांच्या गणितात य = ७ − २क्ष आणि य = १.५क्ष, म्हणून ७ − २क्ष = १.५क्ष. हे मला आपल्याकडे वेगळ्या नावाने शिकवल्याचं आठवत नाही. मुलाला मात्र हीच सगळ्यात आवडते, कारण आलेखावर दोन रेषा जिथे भेटतात तो बिंदू त्याला यातच दिसतो.

'आत बसवणे' हा शब्द मला आपल्या 'ठेवणे'पेक्षा जास्त आवडतो. बसवायचं म्हटलं की जागा आधी रिकामी करावी लागते. म्हाळसाकांत सरांचा रिकामा कंस तोच.

गिरणाकाठ

श्टुटगार्टकर, ती तिसरी पद्धत आपल्याकडची जुनी आहे! भास्कराचार्यांच्या बीजगणितात अनेकवर्णसमीकरण म्हणून प्रकरण आहे. पहिल्या अज्ञात राशीला ते यावत्तावत् ('जेवढं तेवढं') म्हणतात, पुढच्यांना रंगांची, म्हणजे वर्णांची नावं देतात: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी, लो. प्रत्येक समीकरणातून पहिल्या अज्ञात राशीची किंमत काढायची, तिला उन्मिती म्हणतात, आणि अशा दोन उन्मिती समान मांडून ती राशी घालवायची. तुमच्या मुलाला सांगा.

मी चाळीसगावचा. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा, सिद्धान्तशिरोमणी ११५० मध्ये लिहिला, वय ३६. आमच्या तालुक्यात पाटण गावाजवळ पाटणादेवीला १२०७ चा शिलालेख आहे. त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला, त्याबद्दलचा. आजोबांच्या गणितासाठी नातवाने शाळा काढावी, मला तिथे गेलं की फार भरून येतं. पावसाळ्यात जा, डोंगर हिरवेगार असतात.

ओवीताई, बीजगणितातलं एक कोडं लेकीला द्या. एक जण मित्राला म्हणतो, "मला शंभर दे, म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन." मित्र म्हणतो, "तूच मला दहा दे, म्हणजे मी तुझ्या सहापट होईन." दोघांजवळ किती किती?

बिगरी

मी केलं! पहिल्याचे क्ष, दुसऱ्याचे य.
क्ष + १०० = २(य − १००), म्हणून क्ष = २य − ३००.
य + १० = ६(क्ष − १०).
रिकामा कंस काढला, भरला: य + १० = ६(२य − ३१०) = १२य − १८६०. ११य = १८७०. य = १७०, क्ष = ४०.
ताळा दुसऱ्या समीकरणात: १८० = ६ × ३०. जमला! ताब्यातल्या साक्षीदाराला विचारलंसुद्धा नाही.

गिरणाकाठ

वा! आता भास्कराचार्यांनी कसं केलं ते ऐका. त्यांनी दोन चलं घेतलीच नाहीत. पहिल्याजवळ २या − १०० आणि दुसऱ्याजवळ या + १०० असं सुरुवातीलाच धरलं. दुसऱ्याने शंभर दिले की त्याच्याजवळ या, पहिल्याजवळ २या. पहिली अट आपोआप पुरी! मग दुसरी अट: या + ११० = ६(२या − ११०). ११या = ७७०, या = ७०. म्हणून ४० आणि १७०.

खडू_फळा

गिरणाकाठ, हे वाचून अंगावर काटा आला. म्हणजे त्यांनी पहिली अट लिहिण्याआधीच खर्च करून टाकली. चलं अशी निवडली की पहिली बातमी त्यांच्या पोटातच. उद्या नववी ब ला हेच सांगणार आहे.

ओवी

इतके सगळे प्रतिसाद वाचून काय बोलू कळत नाही. सगळ्यांचे आभार.

लेकीला काल खर्चाची गोष्ट सांगितली. ती पटकन म्हणाली, "म्हणजे मी (१) लाच (१) बद्दल विचारत होते." मग क्ष = १०० घेऊन स्वतः ताळा केला, मग ५, मग शून्य. दर वेळी ७ आले की हसत होती. रिकाम्या कंसाला तिने हिरवं स्केचपेन घेतलंय.

पण आता नवा प्रश्न आहे. म्हणते, "मी बरोबर दुसऱ्या समीकरणातच ठेवलं, तरीही ७ = ७ आलं तर?"

म्हाळसाकांत

हा प्रश्न तिने स्वतः विचारला असेल तर तिची काळजी करू नका.

तिला हे द्या: २क्ष + य = ७ आणि ४क्ष + २य = १४. य = ७ − २क्ष दुसऱ्यात ठेवलं: ४क्ष + १४ − ४क्ष = १४. १४ = १४. या वेळी चूक तिची नाही. दुसरी बातमीच नवी नव्हती, पहिलीच दुप्पट करून सांगितलेली. दोन्हींची रेषा एकच, उत्तरं अगणित. आता १४ च्या जागी २० घाला. १४ = २० येईल. म्हणजे दोन बातम्या एकमेकींच्या विरुद्ध, रेषा समांतर, उत्तर नाही. पहिल्या दिवशी ती ७ = ७ पाहून "उत्तरच नाही" म्हणाली होती. ते वाक्य खरं तर १४ = २० ला लागू आहे. तिन्ही रेषा आलेखावर काढायला सांगा.

अभ्यासिका

मी माझं मत थोडं बदलतो. परीक्षेत मी लोपच करणार, वेळ नसतो. पण नववीत दोन्ही शिकाव्यात. २य उचलण्याची युक्ती आज तीन गणितांत वापरली.

नांगरट

ओवीताई, लेकीला आमच्याकडचं एक द्या. तीन खतं. युरिया ४६ टक्के नत्र. डीएपी १८ नत्र, ४६ स्फुरद. आणि १०:२६:२६, म्हणजे १० नत्र, २६ स्फुरद, २६ पालाश (पोटॅश). हवंय नत्र १२०, स्फुरद ७२, पालाश २६. कोणतं किती किलो? तीन चलं आहेत, घाबरू नको म्हणावं.

ओवी

नांगरट भाऊ, तिने अर्धा तास घेतला. मी मधे बोलले नाही. आधी युरियापासून सुरू केलं, खोडलं. मग डीएपीपासून, तेही खोडलं. मग एकदम म्हणाली, "पालाश एकातच आहे!" पुढचं तिच्या वहीतून उतरवते:

१०:२६:२६ = १०० किलो. त्यातून स्फुरद २६, नत्र १०.
स्फुरद राहिलं ४६. डीएपी १०० किलो. त्यातून नत्र १८.
नत्र राहिलं १२० − १० − १८ = ९२. युरिया २०० किलो.

खाली ताळा घेतलाय, आणि शेजारी लिहिलंय, "तिन्हींचा घेतला, कारण तिन्ही समीकरणं खर्च झालीत."

नांगरट

बरोबर. १०:२६:२६ च्या दोन गोण्या, डीएपीच्या दोन, युरियाच्या चार आणि वर वीस किलो. युरियाची गोणी आता ४५ किलोची येते, तेवढं तिला सांगा.